बंद कारखान्यात जाण्यापूर्वी

चि. मृण्मयी हिस,


प्रॅक्टिस स्कूलच्या उन्हाळी कामासाठी साखर कारखाना मिळाला, तोही गाळप संपल्यावर, म्हणून तू खट्टू आहेस. पण तुझ्या पत्रातला मनाला लागलेला प्रश्न वेगळाच आहे. दोन वर्षांत जीवशास्त्र झालं, थर्मोडायनॅमिक्स झालं, विद्युतशास्त्र, संख्याशास्त्र, वर्कशॉप सगळं झालं. मग ‘मला धड एक तरी काही येतं का?’ असं तू विचारतेस.

मृण्मयी, हे विषय वर्गात एकमेकांना भेटतच नाहीत. प्रत्येकाचं पुस्तक वेगळं, परीक्षा वेगळी. त्यांची बेरीज कारखान्यातच होते. ती कशी, ते माझ्या कामातल्या एका प्रसंगावरून सांगते.

उसाच्या रसात चुना घालतात आणि सल्फर डायऑक्साइड सोडतात, म्हणजे मळ खाली बसतो. त्या वेळी पीएच सातच्या आसपास राखावा लागतो. रस आम्लाकडे झुकला तर साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, त्याचे दाणे पडत नाहीत. अल्कलीकडे गेला तर तेच ग्लुकोज-फ्रुक्टोज विघटित होतं आणि रंग काळवंडतो. एका हंगामात साखरेचा रंग बिघडायला लागला. पडद्यावर पीएचची रेघ मात्र सरळसोट. केमिस्ट म्हणाले ऊस शिळा येतोय. इलेक्ट्रिकलवाल्यांनी ट्रान्समीटर तपासला, तो ठीक. मेकॅनिकलवाल्यांनी चुन्याचा व्हॉल्व्ह उघडला, तोही ठीक. शेवटी इलेक्ट्रोड बाहेर काढला, तर काचेच्या टोकावर चुन्याचाच पांढरा थर बसलेला. थरामुळे इलेक्ट्रोडला बदल उशिरा कळायचा, कंट्रोलर तोवर जास्त चुना ओतायचा, मग एकदम कमी करायचा. रस वरखाली होत होता आणि संथ झालेला इलेक्ट्रोड ते सगळे चढउतार पुसून सरळ रेघ दाखवत होता. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुतल्यावर रेघ नाचायला लागली, तेव्हा कुठे आम्हाला खरं काय चाललंय ते दिसलं.

यात रसायनशास्त्र कुठे संपलं आणि कंट्रोल कुठे सुरू झालं, सांग बघू! आणि केमिस्ट शिळ्या उसाबद्दल बोलले ते काही उगाच नव्हे. तोडलेला ऊस पडून राहिला की ल्युकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू त्यात डेक्स्ट्रान तयार करतात, रस चिकट होतो, दाणा नीट धरत नाही. पहिल्या वर्षी ‘इंजिनिअरला हे कशाला’ म्हणून तू ज्या जीवशास्त्राला नाक मुरडलंस, ते हेच.

तुमच्या पिलानीच्या संस्थेत हे कारखान्यातलं शिक्षण आपोआप आलेलं नाही. पिलानीला सुरुवातीची वर्षं अमेरिकेतल्या एमआयटीचं सहकार्य होतं, आणि एमआयटीत केमिकल इंजिनिअरिंगची प्रॅक्टिस स्कूल 1916मध्ये सुरू झाली होती. डॉ. सी. आर. मित्रा संचालक असताना 1973मध्ये पिलानीने कारखान्यातलं काम पदवीच्या अभ्यासक्रमातच बसवलं. दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात सुमारे दोन महिने, पुढे शेवटच्या वर्षी साडेपाच महिने. त्याला श्रेयांक असतात, संस्थेचे प्राध्यापक मूल्यमापन करतात. आपल्याकडे कितीतरी मुलं ओळखीतून प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणतात आणि कारखान्याचं फाटकही पाहत नाहीत. त्यांचं नुकसान कोणी मोजत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता बंद कारखान्याचं. गाळप चालू असताना यंत्रं रात्रंदिवस फिरतात. तुला कोणी काही उघडून दाखवणार नाही. ओव्हरहॉलिंगच्या दिवसांत मिलचे रोलर बाहेर आलेले असतात, व्हॉल्व्ह सुटे पडलेले असतात, इव्हॅपोरेटरच्या नळ्यांतला क्षार घासून काढत असतात. त्या नळ्यांत बॅटरी मारून बघ. पुस्तकात उष्णतेला अडथळा म्हणून जो एक आकडा तू समीकरणात घालतेस, तो तिथे नखाने खरवडता येतो.

एक मात्र स्पष्ट सांगते. सगळ्यातलं थोडं थोडं एवढ्यावर थांबू नकोस. एका विषयात मुळापर्यंत जायलाच हवं, नाहीतर केमिस्ट आणि फिटर दोघांचंही बोलणं कळेल, पण दोघांना देण्यासारखं तुझ्याकडे काही नसेल. तुझा कल कंट्रोलकडे आहे असं मला वाटतं. परत गेल्यावर त्यातले वरचे कोर्स घे, आणि सोपे म्हणून भलतेच निवडू नकोस.

सेफ्टी शूज इथूनच घेऊन जा, तिथे मापाचे मिळतीलच असं नाही. पहिल्याच आठवड्यात इन्स्ट्रुमेंटच्या फिटरला गाठ आणि इलेक्ट्रोड किती दिवसांनी धुतात ते विचार. तो सांगेल ते आणि नोंदवहीत असेल ते, दोन्ही मला कळव.

तुझी,
आत्या