आमच्या बॅचची खबरबात

डॉक्टरांच्या बॅचची खबरबात इतरांसारखी नसते. इतरांकडे कुणी आजारी पडलं की 'लवकर बरा हो' म्हणतात, फुलांची चित्रं पाठवतात. आमच्याकडे आधी रिपोर्ट मागतात. सकाळी सहाला कुणीतरी स्वतःचा ईसीजी व्हॉट्सॅपवर टाकतो, साडेसहापर्यंत त्यावर तीन मतं येतात, आणि त्यातलं सगळ्यात ठाम मत डोळ्यांच्या डॉक्टरचं असतं!

आम्ही १९७० साली मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आलो. कॉलेज तेव्हा आठ वर्षांचं. आमच्या शिकण्याच्या काळात मिरज जंक्शनला ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही रुंदीचे रूळ होते, आणि आमची मुलंही त्या रुळांवरून तीन दिशांनी आली. पुण्याकडची, बेळगाव-हुबळीकडची, आणि कुर्डुवाडी-बार्शीकडची. ही शेवटची मंडळी नॅरोगेजच्या त्या छोट्या गाडीने यायची. ती म्हणे इतकी सावकाश चालायची, की उतरून बोरं तोडून परत चढता यायचं. (हे सांगणारे तेच, त्यामुळे खरंखोटं त्यांनाच ठाऊक.) हॉस्टेलवर पोरांना गावाच्या नावानेच हाक मारायचे. त्यातलाच एक आमचा 'बार्शी'. पुढे सर्जन झाला, गावी परत गेला, चाळीस वर्षं पोटं उघडून शिवली. पण आम्हाला तो बार्शीच.

कॉलेज सुटल्यावर खबरबात कळायची ती लग्नपत्रिकांतून, अंतर्देशीय पत्रांतून, नाहीतर एखाद्या कॉन्फरन्समध्ये जेवणाच्या रांगेत. आधी लग्नं, मग दवाखान्यांची उद्घाटनं, मग मुलांच्या ॲडमिशन, मग अमेरिका, नातवंडं. मग गुडघे. आता सत्तरी ओलांडल्यावर बहुतेक बातम्या शरीराच्याच. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा सांगलीवाल्यांना जगभरातून एकच प्रश्न येत होता, "आयर्विन पुलाजवळ पाणी किती?" आणि २०२०-२१ मध्ये तर काही दिवस फोन हातात घ्यायचीच भीती वाटायची. असो.

तर सांगायचं आहे ते बार्शीबद्दल. परवाच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याने एक केस टाकली. अगदी वॉर्डात उभं राहून सांगावी तशी. बाहत्तर वर्षांचा पुरुष. तीन आठवडे वाढत जाणारी कावीळ. पोटात दुखत नाही. अंगाला खाज. वजन आठ किलोने कमी. निदान सांगा.

आम्हाला वाटलं, कुणी पेशंट असेल. आमच्या टॉपरने, जो पुढे मेडिसिनचा प्रोफेसर झाला, लगेच विचारलं, "पित्ताशय हाताला लागतंय का?" उत्तर आलं, "लागतंय. मीच तपासलं. आडवं पडून स्वतःचं पित्ताशय तपासणं अवघड असतं, पण जमलं."

त्यानंतर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी सांगते. न दुखणारी कावीळ आणि हाताला लागणारं पित्ताशय असेल तर कारण बहुधा खडे नसतात. हा नियम एका स्विस सर्जनने १८९० मध्ये मांडला आणि तेव्हापासून प्रत्येक मेडिकलच्या पोराला तो घोकावा लागतो. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. मग काय असतं, तर बऱ्याचदा स्वादुपिंडाच्या डोक्याशी कॅन्सर. बार्शीला हे आमच्याआधी कळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन आला. गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसली होती, म्हणजे मोठ्या ऑपरेशनचा प्रश्नच नाही.

मला त्याचा राग आला होता, खरं सांगायचं तर. ही काय बातमी द्यायची रीत? पण मग पाहिलं, की तो त्या भाषेत बोलतोय म्हणूनच सगळ्यांना बोलता येतंय. स्टेंट कुठला, केमो घ्यावी की नाही, घेतली तर किती, यावर चार-पाच दिवस नुसती चर्चा चालली. मध्येच कुणाला तरी डिसेक्शन हॉल आठवला, कुणाला विसरलेली तोंडी परीक्षा. स्टेंट टाकला, कावीळ उतरली, खाज थांबली. केमो त्याने नको म्हटलं.

आठवड्याभराने मला त्याच्या बायकोचा फोन आला. वहिनी शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त आहेत. म्हणाल्या, "ताई, कावीळ गेली म्हणजे आता बरे होतील ना? हे म्हणतात, बघू. मुलगा म्हणतो, बाबांना विचार. तुम्ही इतके डॉक्टर, रोज एवढं लिहिता, हे वाचून हसतातसुद्धा. मग मला कुणीच का सांगत नाही?"

आमच्या सगळ्या बॅचचं पन्नास वर्षांचं शहाणपण त्या घरात रोज पोचत होतं, पण ते आमच्या भाषेत. त्याच घरात राहणाऱ्या बाईला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, बायकांना वाईट बातम्या मी जन्मभर दिल्या आहेत. तरी खुर्ची ओढून बसावं लागलं.

मी सांगितलं. स्टेंटने कावीळ गेली, गाठ गेलेली नाही. जाणार नाही. महिने आहेत, वर्षं बहुधा नाहीत. जेवण कमी होईल, आग्रह करू नका, दोन घास खाल्ले तरी पुरे. पाठ-पोट दुखायला लागेल, त्याला मॉर्फिनच्या गोळ्या असतात, त्यांना घाबरायचं नाही, आधीच व्यवस्था करून ठेवायची. रात्रीसाठी माणूस बघा. बँकेची कामं आत्ता करून घ्या. त्या मध्येमध्ये 'हं' म्हणत होत्या. बहुतेक लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं झालं. आता मला मुलीला सुट्टी काढून बोलावता येईल."

संध्याकाळी बार्शीचा मेसेज आला, फक्त मला. "हिला सांगितलंस. मला चार वेळा जमलं नाही. हजारो नातेवाइकांना सांगितलंय, हिला नाही."

आता आम्ही पाळ्या लावल्या आहेत. रोज एकाने फोन करायचा, आधी वहिनींशी बोलायचं, मग त्याच्याशी. आजाराचं काही निघालं तर ते मराठीत, म्हणजे वहिनींच्या मराठीत. हा नियम टॉपरने केला आणि तोच सगळ्यात जास्त मोडतो.

येत्या रविवारी आम्ही चौघं जाणार आहोत. मिरजेहून त्याच रुळमार्गाने, फक्त आता तो ब्रॉडगेज झालाय, त्यामुळे बोरांची सोय नाही. काय आणू म्हणून विचारलं तर त्याने भडंग मागितली, तिखटातली. वहिनींनी मागून फोन घेतला. म्हणाल्या, "खाणार नाहीत हो ते. पण आणा."