संध्याकाळी सातनंतर बून टॅट स्ट्रीट

"सात वाजू दे, मग खाली ये. रस्ता बंद झाला की जेवू," असं ऑफिसातल्या एका मलय सहकाऱ्याने सांगितलं, तेव्हापासून सिंगापूरमधलं माझं संध्याकाळचं जेवण पक्कं झालं. राहायला दिलेल्या खोलीची खिडकी उघडत नाही आणि स्वयंपाकघराच्या नावाखाली एक किटली आहे, त्यामुळे तिथे परतायची घाई कधीच नसते. मर्लायन आणि मरीना बे एका रविवारी उरकून टाकले. माझं मन रमलं ते रॉबिन्सन रोड आणि शेंटन वे यांच्यामधल्या या छोट्याशा रस्त्यावर.

दिवसभर इथे टॅक्सी धावतात. सातला अडथळे लागतात, डांबरावर टेबलं-खुर्च्या पसरतात, गाड्यांवरचे निखारे फुलतात आणि बँकांच्या काचेच्या इमारतींमधून सातेचा, म्हणजे काडीला टोचून भाजलेल्या मांसाचा, धूर वर चढतो. टाय सैल केलेले बँकवाले, लहान मुलं घेऊन आलेली कुटुंबं, बांधकामावरून सुटलेले तमिळ कामगार, सगळे खांद्याला खांदा लावून बसतात.

शेजारीच लाव पा सातचा अष्टकोनी लोखंडी बाजार आहे. मी त्याच्या खांबांमधून पुन्हापुन्हा फिरतो. आज बाजार उभा आहे ती जमीन एकेकाळी समुद्र होती. तेलोक आयरचा जुना बाजार किनाऱ्यालगत होता. जॉर्ज कोलमन या आयरिश वास्तुविशारदाने 1830च्या दशकात त्याला अष्टकोनी रूप दिलं. पुढे समुद्र बुजवला गेला, तो बाजार पाडला गेला आणि भराव घातलेल्या जागेवर नगरपालिकेचे अभियंता जेम्स मॅकरिची यांनी 1894 मध्ये नवा बाजार उभा केला. ओतीव लोखंड ग्लासगोहून आलं, अष्टकोन मात्र कोलमनचाच राहिला. 1973 मध्ये ही वास्तू राष्ट्रीय स्मारक ठरली. 1986 मध्ये खालून मेट्रोचं काम होणार म्हणून सगळा सांगाडा सुटा केला आणि नंतर पुन्हा जोडला. इतक्या निगुतीने बाजार जपणाऱ्या शहराचा मला मनापासून आदर वाटतो.

फेरीवाल्यांच्या बाबतीत मात्र हे शहर कडक होतं. 1970 आणि 80च्या दशकांत त्यांना रस्त्यांवरून उठवून नळ, गटारं असलेल्या हॉकर सेंटरमध्ये बसवलं गेलं. स्वच्छता आली, पोटदुखी थांबली, ते योग्यच झालं. पण उघड्या आभाळाखाली जेवण्याची मजा गेली. बीच रोडजवळचा 'साते क्लब', म्हणजे उघड्यावरच्या साते-गाड्यांचा अड्डा, पुढे एस्प्लनेडला हलला आणि 1995 मध्ये तोही बंद पडला. बून टॅट स्ट्रीटवर रोज रात्री ती मजा परत मिळते, म्हणून मला हा रस्ता मोलाचा वाटतो.

खाद्येतिहासाच्या पुस्तकांत एक मत नेहमी भेटतं: साते म्हणजे अरब आणि हिंदी मुसलमान व्यापाऱ्यांनी जावाला नेलेला कबाब. मला हे पटत नाही. मांस काडीला टोचून विस्तवावर धरायला कोणाकडून शिकावं लागत नाही. इथे गाडीजवळ उभं राहून नीट पाहा. तुकडे नखाएवढे, मधे एखादा चरबीचा, त्यांना हळद, धणे आणि गवती चहाचं वाटण लावलेलं. भाजणारा गवती चहाचा ठेचलेला दांडा तेलात बुडवून तोच कुंचल्यासारखा काड्यांवरून फिरवतो. काड्या आता बांबूच्या असतात, पूर्वी माडाच्या झावळीचे हीर असत. कबाबाला लोखंडी सळई लागते, इथे सगळं परसातलं. व्यापाऱ्यांनी चव आणली असेल, बकऱ्याचं मांस लोकप्रिय केलं असेल, तेवढं मी मान्य करतो. पण ही रीत जावाचीच आहे.

आणि शेंगदाण्याचा रस्सा? शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, युरोपीय जहाजांतून पूर्वेकडे आलेला. तोच आपल्याकडे येऊन उपासाच्या दाण्याच्या आमटीत शिरला. इथल्या वाटीत तो तिखट, गोडसर आणि भरड असतो. पहिल्याच घासाला मला आईच्या एकादशीची आठवण झाली, आणि बाजूला कोंबडीच्या काड्या होत्या.

कधी आलात तर पावसाची चिन्हं नसलेली संध्याकाळ निवडा. दहा काड्यांच्या खाली बहुतेक कुणी देत नाही, तेव्हा दोघं तरी या. कोंबडी आणि मटण अर्धं-अर्धं सांगा. काकडी, कच्चा कांदा आणि भाताचे दाबलेले तुकडे, म्हणजे केतुपात, मागून घ्या. रस्सा त्याच्याशिवाय संपत नाही.