एक्कावन्न टक्के

"एक्कावन्न टक्के सूट आहे का बे इथं?" मामांनी दारातच विचारलं. ह्यूस्टनमधल्या त्या बारच्या काचेवर लालभडक आकडा होता, ५१%. वर्ध्याकडच्या देवळीच्या माणसाला टक्के म्हटलं की एक तर सूट आठवते, नाही तर मार्क. मी पाटी वाचून दाखवली : आत पिस्तूल नेणं गुन्हा आहे. मामा थबकले. "म्हंजे बाकी हॉटेलात चालते?"

चालते. टेक्सासात ज्या धंद्याची निम्म्याहून जास्त कमाई तिथंच बसून पिण्याच्या दारूतून होते, त्याच्या दारावर ही पाटी लागते. तिथं परवानावाल्यालाही कमरेला पिस्तूल लावून शिरता येत नाही. मात्र धंदा जेवणावर चालत असेल तर तीच बिअर, तेच गिऱ्हाईक आणि शर्टाखालचं पिस्तूल, सगळं कायदेशीर. मालकाला नको असेल तर त्यानं वेगळी पाटी लावायची, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, अक्षरं किमान इंचभर उंच. नशेत हत्यार बाळगणं गुन्हा आहेच, पण आधी पिस्तूल आत जाणार की नाही हे ठरतं मालकाच्या हिशेबाच्या वहीवर.

१९९६ पासून इथं पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना मिळू लागला. १ सप्टेंबर २०२१ नंतर एकविशी ओलांडलेल्या, कायद्यानं मनाई नसलेल्या माणसाला तोही लागत नाही. आपल्याकडं पिस्तुलाला परवाना लागतो आणि कायद्याच्या पुस्तकात घोटभर दारूलाही लागतो. म्हणून तर बारवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं.

आमच्या वर्ध्यात तेही नाही. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, पवनारला विनोबा होते. त्या पुण्याईवर १९७५ पासून जिल्हा दारूबंद आहे. कागदावर. माझ्या लहानपणी रात्री नदीच्या पुलावरून, यवतमाळ जिल्ह्यातून परतणाऱ्या स्कूटरींचा आवाज वेगळाच असायचा, जरा सावकाश, जरा जपून. डिक्कीत काय आहे ते नाक्यावरच्या शिपायालाही ठाऊक असे. मोहाची तर गावातच मिळायची. आणि याच जिल्ह्यात, पुलगावला, लष्कराचं दारूगोळ्याचं मोठं कोठार आहे. बाटलीतली दारू आणि बंदुकीतली दारू, मराठीनं दोघींना एकाच नावानं हाक मारली, ती उगाच नसावी. १९९९ च्या एप्रिलअखेरीस दिल्लीतल्या मेहरौलीत त्या एकत्र आल्या. बार बंद झालाय, आता दारू मिळणार नाही, एवढं ऐकून एकानं ते सांगणाऱ्या जेसिका लालवर गोळी झाडली.

मामांना हे सगळं सांगेपर्यंत त्यांचं लिंबूपाणी संपलं होतं. त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. शेजारच्या टेबलावरच्या धिप्पाड माणसाच्या शर्टाला कमरेपाशी आलेला फुगवटा ते न्याहाळत होते. तो उठला, खिशातून जाडजूड पाकीट काढलं आणि बिल देऊन निघून गेला.

"पाटी वाचून लोक करतात काय? पिस्तूल घरी ठेवून येतात?"

"गाडीत ठेवतात, मामा. गाडीत चालतं."

"अन् आत पिऊन पुन्हा त्याच गाडीत जाऊन बसतात?"

मी बिल मागवलं. बाहेर पार्किंगमध्ये आमची गाडी शेवटच्या रांगेत होती. मामा माझा दंड धरून चालत होते, आणि वाटेतल्या प्रत्येक गाडीच्या काचेतून वाकून आत बघत होते.