फाइल पुसली, जागा मिळाली नाही

पुण्यातल्या एका डीटीपी ऑफिसचा फाइल सर्व्हर मी बरीच वर्षं सांभाळत होतो. १ टीबीची एकच डिस्क. त्यावरच लिनक्स, त्यावरच साम्बा आणि सगळ्यांची कामंही तिथेच: पुस्तकं, लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक.

दिवाळी अंकांच्या धांदलीत एका दुपारी पानं लावणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, फाइल सेव्ह होत नाहीये. डिस्क फुल दाखवतंय." मी सर्व्हरवर रूट म्हणून शिरलो, एक फाइल तयार करून पाहिली. झाली. "जागा आहे, तुमचं मशीन रीस्टार्ट करा," असं सांगून मोकळा झालो. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम एरवी पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते; १ टीबीवर ती ५० जीबीच्या आसपास जाते. माझी फाइल त्या राखीव जागेत गेली होती. बाकीच्यांसाठी डिस्क खरोखरच संपली होती. ताईंनी मशीन बंद केलं आणि सकाळपासून लावलेली पानं गेली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग शोधाशोध केली. साम्बाचे लॉग अफाट वाढले होते. मध्यंतरी एका मशीनचं कनेक्शन सारखं तुटत होतं, म्हणून मीच लॉगची पातळी १० केली होती आणि आकाराची मर्यादा काढून टाकली होती. दोष सापडला, सेटिंग पूर्ववत करायचं राहिलं. लॉग आरएमने उडवले. डीएफचा आकडा तसूभर हलला नाही.

तिथे थांबायला हवं होतं. लिनक्समध्ये फाइल पुसली की तिचं नाव जातं; पण एखादी प्रोसेस ती उघडून बसली असेल, तर ती बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. ऑफिसातली सगळी मशीनं जोडलेली होती आणि प्रत्येकाची एसएमबीडी प्रोसेस आपापला लॉग धरून होती. डीएफ आणि डीयूच्या आकड्यांतली तफावत तेच सांगत होती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मागे माणसं उभी होती, संध्याकाळी छापखान्यात पीडीएफ जायच्या होत्या, आणि मला तो आकडा खाली आलेला हवा होता. 'जुने स्कॅन' नावाचं ४० जीबीचं फोल्डर दिसलं. बॅकअप आहेच, असं धरून तेही पुसलं. जागा झाली, काम सुरू झालं.

रात्री सगळे गेल्यावर साम्बा रीस्टार्ट केलं आणि लॉगची ७० जीबी जागा एकदम मोकळी झाली. त्या फोल्डरला हात लावायची गरजच नव्हती. बॅकअप उघडला, तर तो कित्येक दिवस अर्धवट होत होता; त्याची टार फाइल आधी त्याच भरलेल्या डिस्कवर बनत असे. पुसलेलं परत मिळवू पाहिलं, पण दुपारपासूनचं काम त्याच जागेवर लिहिलं गेलं होतं.

फोल्डरमध्ये एका शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी दिलेले फोटो होते. मूळ फोटो आम्ही परत केले होते. मी घरोघरी गेलो. बहुतेकांनी अल्बम पुन्हा काढून दिले. एक आजोबा मात्र मधल्या काळात वारले होते, आणि त्यांच्या वर्गाचा फोटो घरात कुणालाच सापडला नाही. स्मरणिका त्या फोटोशिवाय छापली गेली.

तुमच्याकडे असा सर्व्हर असेल, तर डीएफ आणि डीयू जुळत नसताना कुणाचंही फोल्डर पुसू नका. पुसूनही उघड्या राहिलेल्या फाइली एलएसओएफ दाखवतं. आधी ते बघा.