इस्लापूर ते लेह

किनवट तालुक्यातील इस्लापूरजवळ पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे. इकडच्या रस्त्यांवर भरलेला ट्रकही चढ सहज चढतो. आम्ही लेहला गेलो, तेव्हा तसाच ट्रक धापा टाकताना पाहिला. बौद्ध बांधवांच्या या गावाची उंची सुमारे ३५०० मीटर. हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. पण हवाच विरळ, म्हणून बूस्ट कमी पडतो, डिझेल अर्धवट जळते, काळा धूर निघतो.

मालक मात्र ड्रायव्हरला दोष देऊन पगार कापतो. बांधवहो, आधी कारण शोधा, हीच बुद्धांची शिकवण. आपल्या मुलांनी घाटात खालचा गिअर टाकावा, धूर दिसताच पाय हलका करावा आणि हिशेबाला बसताना हे कारण मालकाला ठामपणे सांगावे.