पडद्यामागून पाहिलेले दादा

गोष्ट प्रथम वर्षाच्या पहिल्या आठवड्यातली. मराठीच्या तासाला सरांनी एकेकाला उभे करून नाव, गाव आणि आवडता कलावंत विचारायला सुरुवात केली. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीने सत्यजित राय यांचे नाव सांगितले. तिच्या शेजारणीने स्मिता पाटील. माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, "चार्ली चॅप्लिन." सरांनी कौतुकाने विचारले, "कोणता चित्रपट आवडला?" मी म्हणालो, "द किड." सरांनी मान डोलावली आणि मी खाली बसलो.

आज द्वितीय वर्षात, या अंकाच्या निमित्ताने, कबूल करतो की तोवर मी 'द किड' पाहिलेला नव्हता. वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याचे नाव वाचले होते, एवढेच. ओठावर खरे नाव आले होते ते दादा कोंडके यांचे. ते मी गिळून टाकले. वर्ग हसेल असे वाटले.

याच आठवड्यात मी आणखी एक खोटे केले होते. प्रवेशाच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. त्यात मी 'व्यापार' असे लिहिले. माझे वडील, म्हणजे आबा, ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर लिंबू सरबत विकतात. पाण्याचे कॅन खांद्यावरून वर नेतात आणि संध्याकाळी रिकामे घेऊन उतरतात. त्याला व्यापार म्हणता येतही असेल. पण मी तो शब्द ज्या कारणासाठी वापरला ते कारण माझे मला ठाऊक होते. ही दोन्ही खोटी सख्खी भावंडे आहेत, हे कळायला मला वर्ष लागले.

मी त्र्यंबकेश्वरचा. आमच्या गावाची ओळख लोकांना देवदर्शनाने असते. ज्योतिर्लिंग, कुशावर्त, गोदावरीचे उगमस्थान, निवृत्तिनाथांची समाधी. पण आमच्या गावाची आणखी एक ओळख आहे. ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म इथे, एका शास्त्र्यांच्या घरी झाला. त्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि या देशात चित्रपटाचा पाया घातला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा खानावळीत स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी लुगडे नेसवले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. 'मोहिनी भस्मासुर'बरोबर दादासाहेबांनी 'पिठाचे पंजे' नावाचा एक छोटा विनोदी चित्रपटही दाखवला होता. म्हणजे आपल्या पडद्यावर देव आले तेव्हा हसूही त्यांच्या मागोमाग आलेच.

आमच्या घरी मात्र दादा दोन. 'दादासाहेब' म्हटले की फाळके, आणि नुसते 'दादा' म्हटले की कोंडके. पहिल्यांचे नाव आबांनी भाषणांतून ऐकले. दुसऱ्यांना त्यांनी पाहिले, आणि तेही पडद्यामागून.

पौष वद्य एकादशीला आमच्याकडे निवृत्तिनाथांची यात्रा भरते. गावोगावच्या दिंड्या येतात. आबा बारा-तेरा वर्षांचे असताना, १९८६ च्या आसपास, यात्रेच्या दिवसांत एक टूरिंग टॉकीज गावाबाहेर तंबू ठोके. आबा तिथे मेखा ठोकायला आणि दोर ओढायला जात. मजुरी किरकोळ, पण खेळ फुकट. अट एवढीच, की तिकीटवाल्यांच्यात बसायचे नाही. पडद्याच्या मागच्या बाजूला, जनरेटरच्या आवाजात, थंडीत गवतावर बसून बघायचे. कापडाच्या पडद्यातून चित्र मागेही दिसे, फक्त उलटे. तिथून आबांनी 'सोंगाड्या' पाहिला. एकदा नव्हे, तंबू हलेपर्यंत रोज.

"आबा, मग पाट्यांवरची नावं उलटी दिसत असतील ना?" मी एकदा विचारले.

"आसतील बाबा. मला सुलटी तरी कुठं वाचता येत व्हती!"

हे सांगून आबा स्वतःच मोठ्याने हसले. मला हसू आले नाही.

दादांविषयी मी वाचू लागलो तो त्या हसण्यापासून. कृष्णा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, मुंबईच्या नायगावच्या चाळीतला, गिरणी कामगाराच्या घरातला. घर मूळचे भोरकडचे. ज्या वस्तीत भोंग्यावर माणसे उठत आणि भोंग्यावर घरी येत, तिथे ते वाढले. बँडमध्ये वाजवले, अपना बाजारात नोकरी केली, सेवा दलाच्या कार्यक्रमांतून लोकांपुढे उभे राहायला शिकले. अभिनयाची शाळा म्हणून त्यांच्या वाट्याला आले ते एवढेच. नंतर स्वतःचा फड उभा केला. मग वसंत सबनीस यांनी 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य लिहिले आणि त्यातल्या हवालदाराने महाराष्ट्र वेडा केला. या लोकनाट्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. लिहिलेल्या संवादात दादा त्या त्या दिवसाची बातमी, त्या त्या गावाची खोड मिसळत. राजा वर बसलेला आणि हवालदार खाली. पण टाळी मात्र हवालदाराला. हा आपल्या तमाशातल्या सोंगाड्याचाच जुना हक्क आहे. गवळणीत पेंद्या होऊन तो कृष्णालाही चार गोष्टी सुनावतो, मग राजाचे काय घेऊन बसलात!

'विच्छा'चा प्रयोग आशा भोसले यांनी पाहिला आणि भालजी पेंढारकरांकडे दादांचे नाव सुचवले, असे सांगतात. १९६९ साली भालजींच्या 'तांबडी माती'तून दादा पडद्यावर आले. दोन वर्षांनी, १९७१ साली, त्यांनी स्वतः निर्माता होऊन 'सोंगाड्या' काढला. लेखन सबनीसांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे, संगीत राम कदम यांचे. उषा चव्हाण नायिका, रत्नमाला 'आये'. दादा स्वतः नाम्या. लोंबत्या नाडीची ढगळ अर्धी चड्डी घातलेला, आयेला भिणारा, तमाशाच्या नादी लागलेला भोळा गडी.

या भोळ्या गड्याला मुंबईत थिएटर मिळताना मारामार झाली. दादरच्या कोहिनूरमध्ये 'सोंगाड्या' लागायचा, तर ती जागा देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'ला जाऊ लागली. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, शिवसैनिक थिएटरवर गेले, तेव्हा कुठे चित्रपट लागला. लागला तो हटेना. नंतर 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), 'पांडू हवालदार' (१९७५), 'राम राम गंगाराम' (१९७७) अशी रांगच लागली. 'पांडू हवालदार'पासून दिग्दर्शनही दादांचे. त्याच चित्रपटाने अशोक सराफ घराघरात पोचले, आणि राम-लक्ष्मण ही संगीतकार जोडीही दादांनीच पुढे आणली. दादांचे नऊ चित्रपट ओळीने रौप्यमहोत्सवी झाले. पंचवीस आठवडे म्हणजे जवळजवळ सहा महिने. या विक्रमाने त्यांचे नाव गिनीज बुकात गेले. १४ मार्च १९९८ रोजी दादा गेले, तेव्हा आबांनी त्या दिवशी काम केले नाही, असे आई सांगते. रोजावर पोट असलेल्या माणसाने एक रोज बुडवणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी रोज येतो त्यांनाच कळेल.

आता जो आक्षेप तुमच्या मनात आला असेल त्याकडे वळतो. कारण तो माझ्याही मनात होता, आणि दादांचे नाव गिळण्याचे खरे कारण तोच होता. द्वयर्थी संवाद. दादांचे वाक्य सरळ असते आणि सरळ नसते. तक्रार करणाऱ्याची मोठी पंचाईत होते. तक्रार करायची तर आधी कबूल करावे लागते, की दुसरा अर्थ आपल्याला बरोबर समजला. सेन्सॉरशी दादांचे खटके उडत ते यावरूनच.

यावर मी बराच विचार केला. यात्रेच्या रात्री आमच्याकडे नाथांची भारुडे होतात. भारुडालाही दोन अर्थ असतात. वरून विंचू, जोशी, गोंधळी, आतून परमार्थ. वरचा अर्थ ऐकून पोरे हसतात, आतला ऐकून म्हातारी माणसे डोळे पुसतात. दादांनी हीच जुनी रीत घेतली आणि उलटी केली. वर साधेपणा ठेवला, आत चावटपणा. रीत आपल्याच मातीतली आहे, पण म्हणून सगळेच माफ होते असे मला वाटत नाही. नंतरच्या काही चित्रपटांत विनोदाचे सगळे ओझे बाईच्या अंगावर टाकलेले दिसते. आई जवळ असली की आबा मोबाइल पालथा घालतात. आई पदराआडून हसते हे खरे; पण काही ठिकाणी ती हसत नाही, उठून आत जाते, हेही मी पाहिले आहे. दादा आवडतात म्हणून आईचे हे उठून जाणे मी लपवणार नाही. एकदा लपवालपवी केली तेवढी पुरे.

पण नाम्या मला का आवडतो, हे मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत समजले. मी आबांना म्हणालो, "चला, 'सोंगाड्या' मोबाइलवर बघू." आबांनी हातपाय धुतले, शर्ट बदलला, आणि थिएटरात बसावे तसे भिंतीला टेकून बसले. मी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवला. चित्रपट सुरू झाला. आबांना संवाद आधीच पाठ. दादांच्या आधी आबा बोलत होते. मध्येच ते एकदम थांबले.

"थांबव. थांबव ते."

मी चित्र थांबवले. दादांनी उजवा हात पुढे केलेला होता.

"ह्यो उजव्या हातानं करतोय," आबा म्हणाले.

"मग?"

"आरं, दादा डावखुरा ना!"

मी सांगितले, की दादा डावखुरे नव्हते. तुम्ही मागून बघत होता, म्हणून. आबा बराच वेळ त्या थांबलेल्या चित्राकडे पाहत राहिले. जवळजवळ चाळीस वर्षे, मेखा ठोकणारी सगळी मंडळी दादांना डावखुरे समजत आली होती. मला वाटले, आबा आता ओशाळतील. मी त्यांच्या जागी असतो तर ओशाळलो असतो. पण आबा मांडीवर थाप मारून हसायला लागले. इतके हसले की आई बाहेर आली. "आगं, दादा उजव्या हाताचा निघाला!" असे त्यांनी आईला सांगितले, जशी काही घरात चांगली बातमी आली होती.

तेव्हा माझ्या लक्षात आले. आपले चुकलेले आपल्याला हसून सांगता येणे, हे नाम्याचे बळ आहे. नाम्याला काही येत नाही, आणि येत नाही हे तो झाकत नाही. झाकतात ती भोवतालची शहाणी माणसे. फजिती होते ती त्यांची. शिकलेल्या-सवरलेल्यांच्या चित्रपटात आबांसारखा माणूस दाराशी सामान उचलायला येतो. दादांच्या चित्रपटात तो मधोमध उभा राहतो, आणि पंचवीस पंचवीस आठवडे लोक रांगा लावून त्याला बघतात. आबा गवतावर बसून स्वतःलाच बघत होते. आणि मी, समोरच्या बाकावर बसण्याची संधी मिळालेला घरातला पहिला मुलगा, चॅप्लिनच्या आड लपलो होतो.

त्यानंतर मी 'द किड' खरोखर पाहिला, आणि आबांनाही दाखवला. १९२१ सालचा मूकपट. मधल्या पाट्या मी वाचायला लागलो, तर आबांनी हाताने थांबवले. त्यांना गरज पडत नव्हती. लंडनच्या गरिबीतून आलेला तो माणूस, त्याची ती ढगळ पँट, पोलिसाला बघून काढलेला पळ. आबा एवढेच म्हणाले, "ह्यो तर आपल्यातलाच दिसतोय." म्हणजे मी वर्गात सांगितलेले नाव चुकीचे नव्हते; ते सांगण्यामागचे मन चुकीचे होते. चॅप्लिनने ते खपवून घेतले नसते, आणि दादांनी तर त्यावर एखादा संवादच टाकला असता.

यंदा पुन्हा फॉर्म भरला. रकान्यात 'लिंबू सरबत विक्री' असे लिहिले आणि आबांपुढे ठेवला. आबांना आता सहीपुरती अक्षरे येतात. त्यांनी सावकाश सही केली. काय लिहिले आहे ते विचारले नाही. मी आपण होऊन वाचून दाखवले. आबा म्हणाले, "बरोबर हाय. उन्हाळ्यात ताकबी आसतं, ते राह्यलं."

सर, आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एक वर्ष उशिरा देत आहे. आवडता कलावंत : दादा कोंडके. चित्रपट : सोंगाड्या. अंक हातात आला की हा लेख मी आबांना वाचून दाखवणार आहे. समोर बसवून.