राजवाड्यासमोरची सावली

इंदूरला गेलं की सकाळी पोहे-जिलेबी आणि रात्री सराफा हे ठरलेलंच. या दिवाळीत मात्र माझा बराच वेळ राजवाड्यासमोर गेला, तोही कॅमेरा घेऊन.

निमित्त होतं आजीकडच्या एका कृष्णधवल फोटोचं. १९६६ साल, राजवाड्यासमोर सायकल धरून उभे असलेले आजोबा. फ्रेमच्या काचेला चिकटून राजवाड्याचे वरचे मजले खरवडून निघाले होते. आजोबा आता नाहीत. फोटो नीट करून देतो, असं मी आजीला कबूल केलं होतं.

राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत मागचा बराच भाग जळाला, पण दर्शनी भाग वाचला. म्हणून तर त्याच जागी उभं राहून मला नवा फोटो घेता आला. जुन्या फोटोत ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून येत होतं, मीही तशीच वेळ साधली. ऊन जुळलं नाही की जोडकाम लगेच उघडं पडतं. लाला दीनदयाळ यांनी इंदुरातच, बांधकाम खात्यात नोकरी करताना, १८७४ मध्ये फोटोग्राफी सुरू केली. त्यांना काचेच्या प्लेटा वागवाव्या लागत. माझं लॅपटॉपवर भागलं.

संध्याकाळी रामबागेतल्या घरी ‘गिम्प’ उघडलं. नवा राजवाडा हवा होता, पण आकाश जुनंच ठेवायचं होतं. लाकडी सज्जांच्या कडा हाताने कापायच्या तर रात्र गेली असती. रंगीत फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनल असतात. निळ्या चॅनलमध्ये आकाश उजळ दिसतं आणि तपकिरी लाकूड काळपट. त्याचीच प्रत काढली, उलटी केली, काळं-पांढरं ठळक केलं. झाला मास्क तयार! मास्कमध्ये पांढरं ते दिसतं, काळं ते झाकलं जातं. खाली आजोबांवर काळा ब्रश फिरवला, तसे ते नव्या थरामागून बाहेर आले. मग नवा थर कृष्णधवल करून जुन्या फोटोसारखे बारीक कण त्यावर टाकले. आजोबांच्या पायाशी फोटो काढणाऱ्याची लांब सावली पडली होती. ती चूक वाटली म्हणून त्यावर मोकळ्या जमिनीचा एक तुकडा ठेवला.

आजीने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

“राजवाडा छान झालाय रे. पण मला कुठे घालवलंस?”

“आजी, तू या फोटोत नव्हतीसच.”

“नव्हते कशी? इथे सावली होती ना! नवा कॅमेरा होता, मीच काढला हा फोटो. त्या दिवसाचा आमचा दोघांचा एवढाच आहे.”

मला काही बोलायला सुचेना. पण मास्कने काही पुसलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. जमिनीच्या तुकड्याच्या मास्कवर काळा ब्रश फिरवला. आधी खांदे दिसले, मग पदर, मग कॅमेऱ्यावर झुकलेलं डोकं.

“हं, आता बरोबर,” आजी म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

घरचे जुने फोटो साफ करायला घ्याल, तेव्हा आधी घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवा. डाग कुठला आणि माणूस कुठलं, हे त्यांनाच ठाऊक असतं.